फोटो ‘काढणारा’ माणूस : गावातल्या स्टुडिओची कुळकथा

मराठीत फोटो काढतात. हिंदी भाषक तो ‘खींचतात’, गुजरातीत तो ‘पाडतात’ आणि बंगालीत ‘तोलतात’, म्हणजे उचलतात. प्रत्येक भाषेने या परक्या वस्तूला आपल्या घरातले एखादे जुने क्रियापद दिले आणि ते देताना नकळत त्या कृतीचा अर्थही लावला. गुजरातीतील ‘पाडणे’ हे टांकसाळीत नाणे पाडण्याच्या जवळचे आहे, कारण त्यात साच्याचा आणि ठशाचा भाव आहे. मराठीतील ‘काढणे’ मात्र दुहेरी आहे. विहिरीतून पाणी काढतात तेव्हा आत असलेली वस्तू बाहेर आणली जाते, तर रांगोळी, अक्षर, नकाशा किंवा चित्र काढतात तेव्हा जे नव्हते ते हाताने रेखले जाते. कॅमेरा हे यंत्र असल्यामुळे फोटोच्या बाबतीत यांपैकी पहिलाच अर्थ खरा असावा असे आज वाटते. परंतु लहान गावांतील स्टुडिओचा धंदा ज्या हातांनी उभा केला त्यांचा इतिहास पाहिला, तर दुसरा अर्थही तितकाच, किंबहुना अधिक, लागू पडतो. हा छायाचित्रकार व्यवसायाने, शिक्षणाने आणि दिवसाच्या बहुतेक तासांच्या कामाने चित्रकारच होता.

छायाचित्रणाची विद्या हिंदुस्थानात फार लवकर आली. दगेर या संशोधकाचा छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये ऑगस्ट 1839 मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर पंधराच वर्षांनी, 1854 मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेत वावरणारे नामवंत छायाचित्रकार होते. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मुंबईकर व्यावसायिक त्या काळातच पुढे आले. असे असूनही ही विद्या मुंबईच्या वेशीबाहेर तालुक्याच्या गावापर्यंत जाण्यास आणखी एक पिढी लागली, आणि त्याचे कारण लोकांच्या मागासलेपणात शोधण्यापेक्षा रसायनात शोधणे योग्य ठरते.

1851 मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने शोधलेली ‘ओल्या काचेची’ पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ होती. या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरून ती चांदीच्या क्षाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या, द्रावणात बुडवावी लागे. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे, आणि ओली असतानाच अंधाऱ्या खोलीत नेऊन ते उमटवावे लागे. काच वाळली की तिची प्रकाश टिपण्याची शक्ती जात असल्यामुळे हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे, आणि वैशाखातल्या दख्खनच्या हवेत तर तेवढाही अवधी मिळत नसे. अशा पद्धतीने काम करणारा माणूस आधी रसायनज्ञ आणि मग छायाचित्रकार असावा लागे. त्याच्यापाशी भांडवल लागे, मदतनीस लागत आणि ताज्या रसायनांचा पुरवठा करणारे शहर जवळ असावे लागे.

1871 मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा, म्हणजे हाडा-कातड्यापासून मिळणाऱ्या एका प्रकारच्या शुद्ध सरसाचा, लेप दिलेली कोरडी काच सुचवली, आणि 1880 च्या सुमारास अशा तयार काचा इंग्लंडमधील कारखान्यांतून खोक्यांत भरून विकल्या जाऊ लागल्या. आता काच आगगाडीने मागवता येत होती, महिनोन्महिने ठेवता येत होती आणि चित्र घेतल्यानंतर सवडीने, रात्री उमटवता येत होती. लहान गावातील स्टुडिओचा खरा जन्म या खोक्यातून झाला असे म्हणण्यास हरकत नाही. रसायनाचा अवघड भाग कारखान्याकडे गेला, आणि गावातल्या माणसाकडे जे उरले ते होते बैठक जुळवणे, पडदा रंगवणे, काचेवर पेन्सिल चालवणे आणि कागदावर रंग भरणे. ही सर्व कामे चित्रकाराची असल्यामुळे या धंद्यात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, नकाशे काढणारे आणि नाटकांचे पडदे रंगवणारे लोक आले, यात आश्चर्य नाही.

पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार होऊन राजा ही पदवी मिळवलेले दीनदयाळ हे याचे मोठे उदाहरण होय. त्यांचे शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणे व अंदाजपत्रके करणे ही त्यांची नोकरी होती. 1874 मध्ये त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो तेथेच. परंतु दीनदयाळ यांचा व्याप पुढे संस्थानी वैभवाचा झाला. लहान गावातील धंद्याची चव, आणि विशेषतः त्यातील अपयश, ज्यांच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसते ते धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके हे नाव चित्रपटाशी इतके घट्ट बांधले गेले आहे की त्यांचा छायाचित्रणाचा काळ चरित्रकारांच्या हातून बहुधा दोन ओळींत निसटतो.

1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी 1885 मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. सयाजीराव गायकवाड यांनी 1890 मध्ये स्थापलेल्या या संस्थेचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि कारागिरी व विज्ञान यांची सांगड घालणे हे संस्थेचे उद्दिष्ट होते. फाळके तेथे तैलरंग व जलरंग शिकले, छायाचित्रण व छपाईच्या प्रक्रिया शिकले, आणि 1892 मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले ते आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी. चित्र, रंगमंच आणि कॅमेरा ही तिन्ही सूत्रे अशी एका हातात आल्यावर, 1895 च्या सुमारास, त्यांनी पंचमहाल जिल्ह्यातील गोध्रा येथे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून बस्तान मांडले. गोध्रा तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. धंद्याला तेथे पुरेसा आश्रय मिळाला नाही आणि प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. बडोद्यास परतून त्यांनी पुन्हा हाच व्यवसाय मांडला, तेव्हा फोटो काढल्याने माणसाची शक्ती शोषली जाऊन आयुष्य घटते हा समज आड आला. मग पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. चरित्रग्रंथांत हा पडद्यांचा काळ अपयशानंतरची तडजोड म्हणून येतो. वस्तुतः धंदा बदलला तरी कारागिरी फारशी बदलली नव्हती, कारण स्टुडिओतील माणसामागेही पडदाच असे.

आयुष्य घटण्याच्या समजाविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. तो समज हिंदुस्थानापुरता नव्हता, आणि केवळ अडाणीपणाचाही नव्हता. माणसाची सावली, नाव, पायाची माती या त्याच्यापासून अलग होऊ शकणाऱ्या आणि म्हणून जपायच्या गोष्टी आहेत अशी धारणा ज्या समाजात होती, तेथे चेहरा काचेवर उतरून दुसऱ्याच्या कपाटात राहणे हा जोखमीचाच व्यवहार ठरतो. या कलेला पुढे मराठीत ‘छायाचित्रण’ हे नाव मिळाले, त्या शब्दातही ती सावली आहेच. ‘प्रकाशचित्रण’ हा प्रतिशब्दही वापरला गेला आणि शास्त्रदृष्ट्या तो अधिक अचूक आहे. तरी रूढ झाला तो छायेचाच. बोलण्यात मात्र दोन्ही मागे पडून ‘फोटो’ राहिला, आणि चौकटीत बसवून भिंतीवर टांगला की त्याला अरबी ‘तस्वीर’पासून आलेला ‘तसबीर’ हा जुना शब्द मिळू लागला.

स्टुडिओची खोली कशी असे हे तिच्या एकाच गरजेवरून ठरे. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे चित्र सूर्यप्रकाशावर घ्यावे लागे. आणि थेट उन्हात डोळे मिटतात, नाकाखाली काळी सावली पडते, म्हणून उत्तरेकडून येणारा, दिवसभर जवळजवळ एकसारखा राहणारा मवाळ उजेड लागे. यासाठी माडीवरच्या खोलीच्या उत्तरेकडील छपराचा आणि भिंतीचा भाग काचेचा करीत व त्याखाली सरकते पांढरे व निळे कापड लावून उजेड कमीअधिक करीत. मधोमध तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा असे. त्याचा मधला भाग लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा असल्याने त्याला भाताच म्हणणे स्वाभाविक होते. मागच्या खरखरीत काचेवर बसलेला माणूस उलटा दिसे, आणि ते उलटे चित्र नीट दिसावे म्हणून छायाचित्रकार डोक्यावरून काळे कापड घेई. भिंगाचे टोपण हाताने काढून, मनात आकडे मोजून ते परत लावणे हीच चित्र टिपण्याची कृती असे. काही सेकंद मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू असे; त्याचा पाया कित्येक जुन्या फोटोंत बूट किंवा धोतराच्या मागून डोकावताना दिसतो.

पडद्याची कुळी मात्र थेट छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेत जाते. लंडनमधील आंत्वान क्लोदे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1841 मध्ये घेतलेल्या पेटंटात रंगवलेल्या पडद्याचा समावेश होता, आणि अंधाऱ्या खोलीतील तांबडा दिवाही त्याच पेटंटात होता. म्हणजे गावोगावच्या स्टुडिओची दोन मुख्य चिन्हे एकाच माणसाच्या एकाच कागदातून निघाली. महाराष्ट्रात हा पडदा रुजण्यास दुसरी जमीन तयार होती, ती नाटकाची. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संगीत नाटक मंडळ्यांची जी भरभराट झाली तीत राजवाडा, उपवन, अरण्य आणि रस्ता असे पडदे रंगवणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे एकमेकांच्या नात्यातले दोघे तरुण अशाच पडद्यांमुळे ‘पेंटर’ या आडनावाने ओळखले जाऊ लागले. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला.

नाटकाचा पडदा आणि स्टुडिओचा पडदा यांत तरीही महत्त्वाचा फरक होता. रंगमंचावरचा पडदा रंगीत आणि दुरून पाहण्याचा. स्टुडिओतला राखी-तपकिरी छटांचा, कारण कॅमेऱ्याला रंग दिसतच नव्हते. त्यावर चकाकी येऊन चालत नसे म्हणून तेलाऐवजी सरसाच्या पाण्यात कालवलेला खडू आणि काजळी यांसारखे निस्तेज रंग वापरावे लागत. क्षितिजाची रेघ भिंगाच्या उंचीशी जुळली नाही तर पुढे बसलेला माणूस हवेत लोंबकळल्यासारखा दिसे, आणि पडदा जमिनीला जेथे टेके तेथील घडी लपवण्यासाठी सतरंजी, लाकडी कठडा आणि कुंडी यांची योजना करावी लागे. संगमरवरी खांब, वळणदार जिना आणि दूरवरचे तळे ज्यांनी कधी पाहिले नाही अशा गृहस्थाला त्यांच्यापुढे उभे करण्यात ढोंग होते असे नंतरच्या टीकाकारांना वाटले. हा आक्षेप तितकासा खरा नाही. कर्जाऊ कोट आणि रंगवलेला जिना खोटा आहे हे बसणाऱ्यालाही आणि पाहणाऱ्यालाही ठाऊक होते. दुष्यंताच्या राजवाड्याचा पडदा खरा आहे असे नाटकाच्या प्रेक्षकालाही कधी वाटले नाही.

छायाचित्रकाराची खरी कसोटी फोटो घेऊन झाल्यावर लागे. उन्हाळ्यात पाण्याची उष्णता वाढली की जिलेटिन मऊ होऊन काचेच्या कडांवरून सुटू लागे, म्हणून लेप घट्ट करण्यासाठी तुरटीचे पाणी वापरत आणि काम रात्रीच्या गारव्यात, माठातल्या पाण्यावर करणे शहाणपणाचे असे. विहिरीचे पाणी खारट असेल तर त्यातील क्षार चांदीच्या क्षारांशी मिळून पांढरट गढूळपणा येई. चित्र पक्के करणारा ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, कागदातून पुरता धुऊन निघाला नाही तर फोटो काही वर्षांनी पिवळा पडून विटे. आज जुन्या घरांत सापडणाऱ्या विटलेल्या फोटोंना लोक काळाचा परिणाम म्हणतात. पुष्कळदा तो पाण्याच्या टंचाईचा परिणाम असतो. कागदावरची छपाईही उन्हातच होई. लाकडी चौकटीत काच आणि कागद एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवीत, मधूनच चौकटीचे अर्धे झाकण उघडून रंग किती चढला ते पाहत, आणि नंतर सोन्याच्या क्षारात बुडवून त्याला तपकिरी-जांभळी झाक देत. पावसाळ्याचे चार महिने हा धंदा मंद चाले. सुदैवाने लग्नसराई कोरड्या महिन्यांत येते.

या सर्वांहून नाजूक काम रिटचिंगचे होते. त्याची गरज का पडली हे समजण्यासाठी त्या काळच्या काचेची दृष्टी समजून घ्यावी लागते. साध्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाशच दिसे, हिरवा फार थोडा आणि तांबडा मुळीच नाही. त्यामुळे निळे आकाश पांढरे येई, हळदीची पिवळी साडी काळवंडे, आणि सौभाग्याचे कुंकू काळा ठिपका होऊन कपाळावर उमटे. त्वचेतील तांबूस-तपकिरी छटाही अशाच गडद होत, देवीचे व्रण आणि सुरकुत्या असतील त्याहून खोल दिसत, आणि घरी नेलेला फोटो पाहून ‘हा मी नव्हे’ असे गिऱ्हाईक म्हणे तेव्हा ते अगदीच चुकीचे बोलत नसे. उजळ रंगाचा हव्यास समाजात होताच आणि छायाचित्रकाराने त्याला पुरेपूर खतपाणी घातले हेही खरे. पण चेहरा थोडा उजळ करणे हे मुळात खुशामत नसून यंत्राची चूक सुधारणे होते, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

हे काम एका उतरत्या लाकडी मेजावर चाले. मेजाला मध्ये खिडकी असे व खाली आरसा, त्यामुळे खालून वर येणाऱ्या उजेडात उलट्या छटांची काच, म्हणजे निगेटिव्ह, स्पष्ट दिसे. निगेटिव्हमध्ये उजळ ते काळे आणि काळे ते पारदर्शक असते. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात काचेला दिला की पेन्सिल धरू लागे. मग सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने व्रणाच्या पारदर्शक ठिपक्यावर अगदी बारीक, स्वल्पविरामासारख्या रेघा भरत. जेथे शिसे चढे तेथून उजेड कमी जाई आणि कागदावर तो भाग उजळ येई. उलट काही गडद करायचे असल्यास पातळ पात्याने लेप खरवडावा लागे, आणि तेथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नसे. एका चेहऱ्यावर तास गेला तरी तो काम केल्यासारखा दिसता कामा नये. नवशिक्या रिटचरच्या हातचे चेहरे अंड्यासारखे गुळगुळीत होत, आणि तशा चेहऱ्यांचे वधूवर आजही जुन्या अल्बमांत पुष्कळ भेटतात.

मोठ्या तसबिरीत तर छायाचित्र आणि चित्र यांची सीमाच पुसली जाई. लहान निगेटिव्हवरून ब्रोमाइड कागदावर वाढवलेली प्रत मुद्दाम फिकट ठेवीत आणि तिच्यावर कोळशाने, जलरंगाने किंवा तैलरंगाने पूर्ण चेहरा नव्याने उभा करीत. कुंकू पुन्हा लाल होई, जरीला सोनेरी काठ मिळे आणि अंगावर नसलेला दागिनाही चढे. मृताचा वेगळा फोटो नसेल तर एखाद्या जुन्या समूहचित्रातून त्याचा चेहरा उचलून, खांद्यावर शेला व भोवती ढगासारखी मवाळ पार्श्वभूमी देऊन, श्राद्धाला हार घालण्याजोगी तसबीर तयार होई. रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती ज्या भिंतीवर आधीच पोहोचल्या होत्या त्याच भिंतीवर हे पूर्वज जाऊन बसले, आणि दोघांच्या अंगावरचा रंग एकाच पद्धतीच्या शिक्षणातून आलेला होता. फाळके स्वतः पुढे लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय करीत असताना रविवर्मा प्रेससाठी काम करीत होते, हे या नात्यात सहज बसते.

पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंग ओळखणाऱ्या, काचा 1906 पासून विक्रीस आल्या, तरी लहान गावांत त्यांचा प्रवेश सावकाश झाला, कारण त्यांना तांबडा उजेडही दिसत असल्यामुळे त्या पूर्ण अंधारात हाताळाव्या लागत. त्यानंतर फिल्म आली, वीज आली, काचेच्या छपरावर पत्रे पडले. निगेटिव्हच्या काचांचे भवितव्य त्यांच्या घडणीतच लिहिलेले होते, कारण गरम पाण्यात लेप सुटला की उरते ती स्वच्छ, सपाट, तसबिरीच्या चौकटीत नेमकी बसणारी काच. रंगीत फिल्मने हाताने रंग भरणे संपवले. पडदा मात्र सर्वांत शेवटपर्यंत टिकला.

टिकली आणखी एक लहान गोष्ट. फोटो ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत त्याच्या खालच्या कडेला छायाचित्रकाराचे आणि गावाचे नाव उठावदार किंवा सोनेरी अक्षरांत छापलेले असे, जसे चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो तसे. बसलेल्या माणसाचे नाव त्यावर नसे. त्याची गरजही तेव्हा कोणाला वाटली नाही, कारण घरात ते सर्वांना माहीत होते. चार पिढ्यांनंतर अनेक घरांत खुर्चीवर बसलेली नऊवारीतली बाई कोण हे सांगता येत नाही, पण तिचा फोटो कोणी काढला ते वाचता येते.